पंधरावी खुर्ची

अल्मेंद्रा, बुधवार, २९ जानेवारी

आदरणीय लिचा मावशी,

तुझा आशीर्वाद मागते आणि तो मिळाला असं धरून पुढे लिहिते, कारण प्रत्यक्ष विचारायला तू फोन उचलत नाहीस. गुडघे कसे आहेत? आई म्हणते डावा बरा आहे आणि उजव्याचं नाव काढायचं नाही, म्हणून मी फक्त डाव्याची चौकशी करते. पॅकिंगच्या शेडवर संत्र्यांचा हंगाम कसा चाललाय? तुझा पोपट अजून पाद्रीबाबांच्या आवाजात शिंकतो का? आम्ही सगळे बरे आहोत. आईचा खोकला गेला, पण त्याची आठवण करून देण्याची तिची सवय राहिली आहे.

तू माझ्यावर रागावली आहेस ते योग्यच आहे. न विचारता मी तुझं नाव रक्तदानाच्या यादीत घातलं, ही माझी चूक होती. (तुझ्या हिंडत्या शिरेबद्दल त्या नर्सने जे उद्गार काढले त्याला मात्र मी जबाबदार नाही.) त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला की कुणाचंही नाव विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर लिहायचं नाही. हे वाक्य ध्यानात ठेव.

आईला कुणी विचारलं की ग्रिसेल्डा सध्या काय करते, तर ती सांगते, "दोन ऑफिसांच्या मधल्या रस्त्यावर कोंबडीसारखी पळते." तू तर माझ्या पदवीदानालाच सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली होतीस की चार वर्षं शिकून पोरीला टोपी मिळाली, तीही भाड्याची. त्यामुळे एकदा नीट सांगते. आपल्या अल्मेंद्राच्या हायस्कुलाने नऊ मैलांवरच्या टुलोरा कम्युनिटी कॉलेजशी भागीदारी केली आहे. शाळेतल्या मुलांनी शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय पुरा करायचा, म्हणजे ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्यांना ती पायरी उंच वाटणार नाही. आपल्या घरात ती पायरी पहिल्यांदा मी चढले आणि चढताना तीनदा पडले, हे तुला माहीत आहे. म्हणून या कामाची जाहिरात पाहिली तेव्हा मला रडू आलं होतं. मी समन्वयक आहे. समन्वयक म्हणजे दोन्ही संस्थांना जिचा फोन नंबर माहीत आहे आणि दोन्हीपैकी एकीनेही जिला खुर्ची दिलेली नाही अशी व्यक्ती. माझं ऑफिस सध्या माझ्या गाडीत आहे.

भागीदारीचा करार सप्टेंबरात मोठ्या थाटात झाला. शाळांचे अधीक्षक आणि कॉलेजचे उपाध्यक्ष यांनी झाडूएवढ्या पेनाने सह्या केल्या (पेनात शाई नव्हती, खऱ्या सह्या मागच्या खोलीत झाल्या). शाळेने नाश्त्याला अंड्याचे बरीटो आणले होते आणि कॉलेजने कापलेली फळं. दोन्ही पक्षांनी बरीटो खाल्ले आणि फळांचं कौतुक केलं. अर्धा लाल अर्धा हिरवा असे दोनशे टी-शर्ट वाटले गेले, त्यावर लिहिलं होतं, 'एक वाट, सर्वांची'. त्या दिवशी विद्यार्थी एकही नव्हता. कारण विद्यार्थ्यांना बोलवायचं कोणत्या संस्थेने, हा मुद्दा करारात राहून गेला होता. आपले चार टी-शर्ट आई गाडीच्या काचा पुसायला वापरते आणि म्हणते की कॉलेजचा एवढा उपयोग तिला पहिल्यांदाच झाला.

पण मुलं मी मिळवली, मावशी. घरोघर जाऊन, स्वयंपाकघरांत बसून, मी पंधरा मुलं मिळवली. कॉलेजचा नियम आहे की पंधरापेक्षा कमी मुलं असली तर वर्ग रद्द. विषय कॉलेजचं इंग्रजी, सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी आठ वाजता, कॉलेजच्या इमारतीत, शाळेच्या बसने जायचं. त्या पंधरांत पहिलं नाव नायेली सिस्नेरोसचं. तिची आई सोकोरो शेडमध्ये तुझ्याच सरकत्या पट्ट्यावर नासकी संत्री वेचते, ती उंच, अजिबात न बोलणारी. नायेलीला नर्स व्हायचंय. नर्सिंगच्या जागा थोड्या, आणि त्या आधी हे इंग्रजी पास झालेल्यांना मिळतात. हा वर्ग झाला तर शाळा संपल्याबरोबर ती रांगेत पुढे उभी राहील. नाही झाला तर जूनपासून ती तुझ्या पट्ट्यावर आईच्या शेजारी उभी राहील, आणि रांगेचं पुढच्या वर्षी बघू असं म्हणेल. पुढच्या वर्षी बघू म्हणणाऱ्या किती बायका तुझ्या पट्ट्यावर आहेत ते तू माझ्यापेक्षा चांगलं सांगशील.

तर पहिला सोमवार उजाडला. म्हणजे उजाडला नाही, धुकं होतं. जानेवारीतलं आपलं धुकं, स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटावा असं. सहा वाजता रेडिओवर नेहमीप्रमाणे सांगितलं की अल्मेंद्राच्या शाळांना धुक्याचं वेळापत्रक, बसगाड्या दोन तास उशिरा. आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही हे कळतं. पण कॉलेजला धुक्याचं वेळापत्रक नाही, कारण कॉलेजातली माणसं सज्ञान असतात आणि सज्ञान माणसांना धुक्यातलं दिसतं असा कॉलेजचा समज आहे. आणि वर्ग शिकवणारे हाल्वोरसन सर मिनेसोटाहून नवीन आलेले. तिकडे छातीएवढ्या बर्फातून पोरं शाळेत जातात. रिकाम्या वर्गात ते वीस मिनिटं थांबले, मग त्यांनी पंधरा खुर्च्यांसमोर पंधरा नावं मोठ्याने वाचली आणि पहिल्या दिवशी न आलेल्यांची नावं काढावीत या नियमाप्रमाणे सगळी काढली. सर फार सज्जन आहेत. प्रत्येक नाव काढताना वाईट वाटलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

दहा वाजता बस पोचली. त्या खोलीत तोवर मातीकामाचा वर्ग बसला होता. आपली मुलं शिस्तीची, रिकाम्या जागी बसली. कॉलेजात इंग्रजी असंच शिकवत असतील म्हणून कुणी काही विचारलं नाही. तासाअखेर दोघांच्या वाट्या आणि नायेलीचं एक झाकण तयार होतं. मुलांबरोबर शाळेने पर्डीबाईंना पाठवलं होतं. (शाळेतली मुलं शाळेबाहेर गेली तरी शाळेचीच, म्हणून बसमध्ये आणि वर्गात मागे एक राखणदार बसते. पर्डीबाई एकोणीस वर्षं कॉरिडॉर राखतात आणि लघवीला जाणाऱ्याच्या हातात परवानगी म्हणून एक लाकडी डाव देतात. कॉलेजात तुम्ही विचारल्याशिवाय बाहेर जाऊ शकता, असं सर मुलांना म्हणाले, तेव्हा बाईंनी सरांकडे असं बघितलं की पुढे सरही डाव घेऊन जाऊ लागले.) पर्डीबाईंनीच मला फोन करून सांगितलं की वाट्या छान झाल्यात, पण मुलांची नावं यादीत नाहीत.

नाव पुन्हा घालायला कॉलेजचा हिरवा फॉर्म लागतो. हिरवा फॉर्म शाळेच्या पांढऱ्या फॉर्मशिवाय मिळत नाही. पांढरा फॉर्म शाळा हिरवा बघितल्याशिवाय देत नाही. दोन्हीवर आईवडिलांची सही, शाईने, पुन्हा. सोकोरोने तिसऱ्यांदा सही केली तेव्हा ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "घर घेतानासुद्धा एवढ्या सह्या करत नाहीत म्हणे." हिरव्या-पांढऱ्याचा पेच चार दिवस सुटेना. शेवटी मी दोन्ही ऑफिसांच्या कारकूनबाईंना विनंती करून बरोबर साडेचार मैलांवरच्या डोनटच्या दुकानासमोर आणलं. दोघी गाड्यांतून उतरल्या, पाच पावलांवर थांबल्या, आणि मी तीन म्हटल्यावर दोघींनी एकाच वेळी कागद पुढे केले. ओलिसांची अदलाबदल करतात ना, तसं. परत जाताना दोघींनी एकमेकींना डोनट घेतले. माझ्या मते भागीदारी खरी त्या दिवशी झाली, पण त्याचा फोटो नाही.

एवढं करून परत आली चौदा. ओस्वाल्डो रेंतेरिया मधल्या दिवसांत मोकळा सापडला म्हणून कुस्तीच्या मास्तरांनी त्याला सकाळच्या सरावाला उचललं. मी मास्तरांना कॉलेजशिक्षणाचं महत्त्व सांगितलं. त्यांनी मला ओस्वाल्डोच्या मानेचं महत्त्व सांगितलं. मग मी कॉलेजच्या विभागप्रमुखांकडे गेले, टॉलिव्हर साहेब. मी म्हटलं, मी बसते पंधरावी. ते म्हणाले, समन्वयकाने विद्यार्थी होणं निःपक्षपातीपणाला धरून नाही. मी म्हटलं, पर्डीबाई तशाही वर्गात असतात, गेल्या आठवड्यापासून हात वर करून उत्तरंही देतात, आणि बहुतेक बरोबर देतात. साहेबांनी शाळेला विचारलं, शाळेने वकिलाला विचारलं, आणि उत्तर आलं की कामावर असताना बाईंना शिकता येणार नाही. आपल्या शाळेने हे कागदावर लिहून दिलंय. मी जपून ठेवलंय.

साहेब वाईट नाहीत. त्यांच्या भिंतीवर तो करार चौकटीत आहे, शेजारी बरीटो हातात घेतलेला त्यांचा फोटो आहे. ते म्हणाले, "ग्रिसेल्डा, स्वप्न आम्हा सर्वांचंच आहे, पण मला खुर्च्या मोजाव्या लागतात." परवा, शुक्रवारी, सकाळी साडेआठला ते स्वतः वर्गात येऊन डोकी मोजणार. यादीत नाव आणि खुर्चीत माणूस, दोन्ही पंधरा पाहिजेत. चौदा निघाली तर वर्ग तिथल्या तिथे बंद, आणि बस मुलांना शाळेत परत नेणार. नायेलीला मी हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने विचारलं की मातीकामाच्या वर्गाला किती मुलं लागतात.

असो. मी तुला उगाच माझ्या कामाच्या कटकटी सांगत बसले. पत्र लिहिण्याचा हेतू फक्त तुझी खुशाली विचारणं आणि रक्तदानाची माफी मागणं एवढाच होता. पोपटाला प्रेम. उजव्या गुडघ्यालाही, गुपचूप.

तुझी भाची,
ग्रिसेल्डा

ता. क. टपालाने हे वेळेत पोचणार नाही म्हणून सोकोरोच्या हाती देतेय. पाकिटात एक पिवळा कागद आहे, तो फेकू नकोस. वर्ग सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याचा तो फॉर्म. हाल्वोरसन सरांची सही झालेली आहे. नावाची जागा कोरी आहे, कारण मी कानाला खडा लावलाय. खाली जिथे पेन्सिलीने फुली आहे तिथे सही करायची असते, करणाऱ्याने.

ता. क. २. कॉलेजचा नियम मी तीनदा वाचला. अठरा वर्षांवरचं कुणीही चालतं, शाळा पुरी झालेली असो नसो. दहावीतून उठलेलं, एकोणसाठ वर्षांचं आणि तोंडाने फटकळ असलेलंही चालतं, तसं वेगळं लिहिलेलं नाही, पण मनाईही नाही. आईवडिलांची सही लागत नाही. शेडवरची तुझी पाळी आता बाराला सुरू होते. आईला विचारलं असतं, पण तिची पाळी सकाळची, आणि धुक्यात ती अंगणातही गाडी काढत नाही. शुक्रवारी धुकं पडणार असं रेडिओ म्हणतोय. मुलांना पर्डीबाई आदल्या रात्री बसच्या ड्रायव्हरच्याच घरी झोपवायला निघाल्यात, तो प्रश्न आम्ही सोडवू. पण चौकात काच खाली करून, कानाने गाड्या ऐकत, सव्वीस वर्षं एक दिवसही उशीर न करता कामावर पोचलेली बाई या खोऱ्यात मला एकच माहीत आहे.

ता. क. ३. तू म्हणशील पोरीने पुन्हा फसवलं. तसं नाही. मोजणी होईपर्यंत बसलीस तरी पुरे, साडेआठनंतर नाव काढून घेता येतं. त्यासाठी गुलाबी कागद लागतो. तो मी पाठवत नाहीये, कारण माझ्या आदर्शांत तो बसत नाही. पर्डीबाईंकडे आहे, मागून घे. डाव मात्र परत कर.

ता. क. ४. मुख्य सांगायचं राहिलं. शुक्रवारचा गृहपाठ सर्वांना आहे: घरच्या माणसाला पाचशे शब्दांचं पत्र, स्वतःचा एखादा निर्णय पटवून देणारं. म्हणजे या पत्राचं तुझं उत्तर त्यात चालून जाईल. तू नकार देणार हे मला ठाऊक आहे आणि मी तो मान्य करते. फक्त पाचशे शब्दांत लिही. सर म्हणाले नकार नीट मांडला असेल तर पूर्ण गुण देईन. आणि लिहिलेलं उभं राहून वर्गात वाचायचं असतं, आठ वाजता सुरुवात, नावाच्या क्रमाने. मी सरांना सांगून तुझी पाळी साडेआठला ठेवली आहे. नायेलीने शेजारची खुर्ची धरून ठेवलीय, तिच्यावर मातीचं झाकण ठेवून.