हिरवा साल्सा बरणीत भरू नये

दिनांक ९ नोव्हेंबर

ताई गेल्यापासून मी एक ओळही लिहिलेली नाही. रोजनिशी नाही, पत्रांना उत्तरं नाहीत. ज्यांनी वाट पाहिली त्यांची क्षमा मागते. आज लिहिते आहे ते माझं मृत्युपत्र. वय सत्तेचाळीस, प्रकृती ठीक, डोकं ठिकाणावर. कोणाच्या सांगण्यावरून किंवा कोणाला घाबरून लिहीत नाही. (‘घाबरून’ हा शब्द खोडला आणि पुन्हा लिहिला. भीती आहे, पण माणसाची नाही.)

कलम एक. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला. उरलेला अर्धा तिला आईकडून आलेलाच आहे. अट एकच: या स्वयंपाकघरात हिरवा साल्सा, म्हणजे कच्च्या टोमॅटोची ती परदेशी चटणी, खुशाल करावा, खावा, पण बरणीत साठवू नये आणि विक्रीसाठी कोणाला करू देऊ नये. ‘कोणाला’ म्हणजे दादाला, आमच्या थोरल्या भावाला. आडून लिहिणं बरं वाटलं नाही.

कलम दोन. अटीचं कारण. ताईच्या हातचा साल्सा सगळ्या गल्लीला आवडायचा. तो आठवडाभर हिरवागार राहावा म्हणून तिने युक्ती काढली. टोमॅटोला पाणी सुटतं, म्हणून टोमॅटो बंद. लिंबाने रंग काळवंडतो, म्हणून लिंबूही बंद. मग मिरची, कोथिंबीर, लसूण वाटून बरणीत दाबायचं, वर बोटभर तेल आणि घट्ट झाकण. आंबटपणा गेला, हवा गेली. अशा जागी जे विष तयार होतं त्याला वास नसतो, चव नसते. डॉक्टरांना त्या बरणीचाच संशय होता. पण वहिनीने, दादाच्या बायकोने, ती तोवर घासून पालथी घातली होती. म्हणून मी ‘बहुधा’ असंच म्हणते. माझी खात्री आहे, पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे.

कलम तीन. दगडी खल भाचीला. कृतीही तिलाच: कच्चे हिरवे टोमॅटो, मिरची, लसूण, मीठ आधी ठेचायचं, कोथिंबीर शेवटी, नाहीतर तिचा चोथा होतो. वर लिंबू, हात आखडता न घेता. रंग उतरला तर उतरू दे. फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी संपव. उरलं तर जीव न जाळता फेकून दे.

कलम चार. बँकेतली शिल्लक आणि पुस्तकं भाचीलाच. माझी इस्त्री वहिनी तीन वर्षांपूर्वी ‘उद्या देते’ म्हणून घेऊन गेली. ती मालमत्तेत धरलेली नाही.

कलम पाच. दादाला काही नाही. रागाने नव्हे. थोडं रागानेही. तो ‘ताईचा साल्सा’ म्हणून दुकान काढतो आहे, तिच्याच पद्धतीने. गेल्या रविवारी मी हात जोडले.

“दादा, निदान लिंबू तरी घाल रे.”

“आणि काळं करू? गिऱ्हाईक डोळ्यांनी खातं, बाई.”

“ताईचं काय झालं, विसरलास?”

“ताईचं दुखणं वेगळं होतं. तू जास्त शिकलीस ना, म्हणून तुला बरणीतसुद्धा भूत दिसतं!”

ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार होऊ शकतो. म्हणून आज दुपारी मुद्दाम त्यालाच बोलावलं. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंसमोर ही कलमं त्याच्या कानांवर पडावीत, एवढाच हेतू.

पुढचं कलम नाही, घडलं ते आहे.

मी वाचून दाखवलं. मी सही केली, मग बाईंनी केली. दादाने पेन घेतलं, कागद लांब धरला, जवळ आणला.

“एका सहीला दोन रेघा कशाला आखल्यास? कुठल्या रेघेवर करू?”

मी एकच रेघ आखली होती.

बाई उठल्या. त्यांनी त्याची हनुवटी वर केली, वर बघायला सांगितलं. डावी पापणी अर्ध्यावरच राहिली.

“गिळताना अडकतंय?”

“घसा धरलाय जरा सकाळपासून. थंडीने.”

ताईने दुखण्याच्या पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, दारात दोन मांजरं कधीपासून बसायला लागली? आमच्याकडे मांजर एकच.

बाई त्याला गाडीत घालून थेट इस्पितळात घेऊन गेल्या. मी वहिनीला फोन लावला.

“परवा पहिली बरणी उघडली ना! सगळ्यांनीच चाखला. तुझाही वाटा काढून ठेवलाय हं. का गं?”

आहात तसे सगळे इस्पितळात निघा, बरणी सोबत घ्या, घासू नका, असं सांगितलं. ती हसली. मग हसायची थांबली.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर.
लिहून देणार: (सही)
साक्षीदार पहिला: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसरा:

उद्या: दुसरा साक्षीदार शोधणे.