तीन तासांचं पाणी

मी, नरहरी आत्माराम राऊत, वय ६४, राहणार वटार, तालुका वसई, जिल्हा ठाणे, निवृत्त पाणीमोजणी कारकून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. छाती निकामी झाली आहे, डोकं शाबूत आहे.

१. घर पत्नी सुभद्रा हिचं. तिच्या हयातीत कोणी विकायचं नाही.

२. केळीची वाडी आणि विहिरीवरचं इंजिन धाकटा भाऊ शत्रुघ्न याला. माझा फणस त्याने मला न विचारता तोडला. तो राग मी सोबत नेतो, इंजिन त्याला ठेवतो.

३. आता जे लपवलं ते. खाडीकडच्या ओढ्याच्या पुलावर पट्टी बघून दर तासाला पाण्याची उंची लिहायची आणि त्यावरून पुराचा आलेख काढायचा, हे माझं काम. जुलै १९७६च्या वादळात पाऊस सकाळी अकराला थांबला. संपलं, असं समजून मी घरी जेवलो आणि आडवा झालो. बारा, एक, दोनचे आकडे अंदाजाने भरले, रेघ अकरापासून खाली उतरवली. साहेब म्हणाले, "राऊत, रेघ सुरेख आलीय."

पुढे माझाच त्या रेघेवर विश्वास बसला. ऑगस्ट १९७८मध्ये तसाच पाऊस थांबल्यावर खाडीकाठचा शेतकरी नथू आला. "तात्या, शेतान पानी भरलाय. बांधावरच्या उघाडीच्या फल्या काढाला जातंय. ओढ्याचा पानी उतरला का?"

मी तोच आलेख बघितला आणि म्हणालो, "पाऊस थांबला ना? मग उतरतंय. जा."

डोंगरातलं पाणी पाऊस थांबल्यावरही तीन तास चढतच राहतं. नथू उघाडीवरून, म्हणजे शेतातलं पाणी ओढ्यात सोडायच्या फळ्यांच्या दारावरून, वाहून गेला. लोकांनी नशिबाला बोल लावला, मी गप्प बसलो. मला माझी लाज वाटते.

४. त्यानंतरचे सात पावसाळे, निवृत्तीनंतरचेसुद्धा, पाणी उतरेपर्यंत मी पुलावरून हललो नाही. ते खरे आलेख निळ्या वहीत आहेत. ओढ्यावरची नवी मोरी माझ्या खोट्या रेघेच्या मापाने बांधायचं घाटतंय. ॲन्सेल्म मास्तरांनी वही ऑफिसात द्यावी. माझ्या मरणानंतर दिली तरी चालेल.

५. वाडीचा खालचा तुकडा नथूची बायको हंसा हिला द्यायचा होता. आज तिला बोलावून वरचं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुकडा नको. अंगठा कुठं लावू, ता सांग."

वटार, ९ फेब्रुवारी १९८६
नरहरी आत्माराम राऊत (सही)

आमच्यासमोर सही झाली:
ॲन्सेल्म व्हिन्सेंट डाबरे, शिक्षक (सही)
हंसा नथू पाटील (डाव्या हाताचा अंगठा). तिने सांगितलं तसं मास्तरांनी खाली लिहिलं:
"आयकला. माफ केला नाय. वही आजच द्या, याच्या मरनाची वाट बघू नका."