काडांची सूर्यमाला

कौहावा, ३ फेब्रुवारी

चि. तौनो यास विएनोताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हेल्वी गेल्यापासून तुझी एक ओळ नाही. तुझ्या लेकीला फोन केला, तर म्हणाली, बाबा दूध आणायलाही खाली उतरत नाहीत. अरे, बायको गेली म्हणून काय स्वतःला कोंडून घ्यायचं?

इथल्या शाळेच्या बाईंना मुलांकडून टाकाऊ वस्तूंची सूर्यमाला करून घ्यायचीय. पर्यावरणपूरक हवी म्हणे. आपली आई त्याला काटकसर म्हणायची! आठवतं ना तिचं हिम्मेली? नाताळात सगळ्यांच्याच टेबलावर राय धान्याच्या काडांचं झुंबर टांगलेलं असायचं, पण आपल्या झुंबराला ग्रह लोंबायचे. शनीचं कडं कॉफीच्या डब्याच्या झाकणाचं, पृथ्वी तुझ्या फाटक्या निळ्या मोज्याची. ऐन उन्हाळ्यापर्यंत आपण त्याच्याखाली बसून लापशी खायचो. किती सुखाचे दिवस होते रे!

मी हो म्हणून बसलेय, पण तोल साधणं तुझं काम होतं. ये ना.

वाट बघणारी,
ताई

योतेबोर्ग, १४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी येत नाही. आगगाडी, जहाज, पुन्हा गाडी. आणि शेजारची खुर्ची रिकामी. नको.

काडं यंत्रातली घेऊ नकोस, ती चेपलेली असतात. ग्रहांना कागदाचा लगदा आणि रायच्या पिठाची खळ. त्या खळीचा आंबूस वास अजून नाकात आहे बघ. गुरू जड, त्याच्या समोर शनी टांग. तडकायला लागलं की आई सौनाच्या वाफेत धरायची, तसं कर.

तुझा,
तौनो

कौहावा, २ मार्च

चि. तौनोस आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

नीट लिहायला काय झालं होतं? तू लिहिलंस वाफेत धर, मी सगळं हिम्मेलीच ग्रहांसकट सौनात टांगलं. नुसती काडं धरायची होती, हे आता सुचतंय! बरं, सौना तापलाच आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून शेजारच्या एल्साला वाफेची अंघोळ करायला बोलावलं. ती बया वाफेसाठी तापल्या दगडांवर पाणी ओतत सुटली. गुरू लिबलिबीत होऊन थेट तिच्या डोक्यावर, शनी मांडीत. छत कोसळलं म्हणून अशी किंचाळली की तिचा नवरा फावडं घेऊन धावत आला.

मुलं मात्र हिरमुसली. तेव्हा मी ठोकून दिलं, की माझा भाऊ येतोय. आता माझी अब्रू तुझ्या हातात. आणि खरं सांगू? सूर्यमाला गेली चुलीत. मला तू हवा आहेस. आपण दोघंच उरलोय रे.

तुझी,
ताई

योतेबोर्ग, १० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

एल्साचं वाचून इतका हसलो की ठसका लागला. मग रडू आलं ते थांबेना. हेल्वी गेल्यापासून मी रडलोच नव्हतो गं.

शुक्रवारच्या जहाजाचं तिकीट काढलंय. मुलांना म्हणावं, ग्रह पुन्हा करा, पण सूर्याला हात लावू नका. काल हेल्वीचा पिवळा स्वेटर उसवला. आधी कात्री लावायला हात धजेना. पण एकदा धागा सुटला तसा सरसर येत गेला. लोकरीचा चांगला मोठा गुंडा झालाय. टपालाने पाठवणार होतो, पण तिला एकटीला पाठवायला मन होईना.

आम्ही दोघं येतोय.

तुझा,
तौनो