पिवळ्या वायरीची धून

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

लॅपटॉपवरच्या सिंथेसायझरमध्ये वायरी जोडत बसलो होतो. खऱ्या नाही, पडद्यावरच्या. पिवळी वायर स्वतःच्याच मनाला येईल तो सूर उचलणाऱ्या भागाला, म्हणजे मॉड्यूलला, लावली आणि यंत्र आपलं आपणच वाजू लागलं. आई शेजारी बसून आमच्या फुलांच्या दुकानासाठी शेवंतीचे हार ओवत होती. एरवी म्हणते, "बंद कर ते भुनभुन." आज म्हणाली, "हे बरं वाटून राह्यलं. राहू दे."

खूश होऊन अजून सुधारायला गेलो. पिवळी वायर काढून परत लावली आणि ती धून गेली. रेकॉर्ड केलीच नव्हती. का नाही केली? मूर्खपणा, दुसरं काय!

"मघाचंच लाव ना," आई म्हणाली.

आता हिला कसं सांगू की हे यंत्र तेच सूर पुन्हा उचलत नसतं? बराच वेळ तीच पिवळी वायर इकडून तिकडे लावत बसलो. आई कंटाळून स्वयंपाकघरात गेली, आणि भाकरी थापता थापता तीच धून गुणगुणायला लागली. अगदी तीच! मोबाइल घेऊन धावलो.

"आई, पुन्हा म्हण ना."

"काय म्हनू? मी कुठं काई म्हनून राह्यली होती?"