पंचाहत्तर नंबरचा जेट

पिशोर, १८ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस,
मेघाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन केला तर तुम्ही ओरडाल आणि मी फोन आपटेन, म्हणून लिहिते. पत्र आपटता येत नाही. शिवाय सगळ्या गावाचं टपाल मी वाटते आणि आपल्याच घरी कधी पाकीट येत नाही, हेही बरं दिसत नाही.

काका, तुम्ही मला मोटारसायकल म्हणून भंगार दिलंत. जुनी गाडी आहे पण मी स्वतः बघून दिलीय, असं तुम्ही चारचौघांत सांगितलं होतं. महिनाभर पाखरासारखी पळाली. दिवाळीनंतर दोन दिवस पाचोडला आत्याकडे राहून आले आणि तेव्हापासून चढाला लागली की गुदमरते. काल टपालाची पिशवी गळ्यात घालून वरच्या वस्तीपर्यंत ढकलत नेली. पारावरच्या लोकांनी विचारलं, की गाडी तुला नेते की तू गाडीला.

बाबा म्हणतात गाडी विकून टाक. त्यापुढचंही म्हणाले, की ही चाकरीच सोड, बाईमाणसानं डोंगर चढायची नोकरी कशाला. वरच्या तिन्ही वस्त्या माझ्याकडे आहेत. गाडी गेली की नोकरी गेली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता काय ते तुम्हीच बोला.

मालनकाकूंना जयभीम. रागावले आहे, पण तुमचीच आहे, हे धरून चाला.
मेघा


छत्रपती संभाजीनगर, २२ नोव्हेंबर २०२४

चि. मेघास,
काकाचे आशीर्वाद अन् जयभीम. तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुझी काकू म्हणाली, पत्र बाजूला ठेवा, भाकर गार होतीय. मी म्हटलं, होऊ दे.

भंगार म्हणालीस. बाई, तीस वर्षं उस्मानपुऱ्यात गॅरेज टाकून बसलोय. गाडी कोपऱ्यावर वळली की आवाजावरून सांगतो कुणाची आहे अन् तिला काय झालंय. शाळेत मी पाचवीपर्यंत गेलो, बाकीचं सगळं या कानांनी शिकवलं. तुझी गाडी मी तीन दिवस ऐकली, मग दिली. त्या कार्बोरेटरात पंचाहत्तर नंबरचा कोरा जेट माझ्या हातानं बसवलाय. हवेचा स्क्रू दीड आटा, म्हणजे दीड फेरा, सोडलाय. ती गुदमरत असंल तर तिला कुणीतरी गुदमरवलीय. पिशोरच्या कुठल्या मिस्त्रीनं हात लावला, त्याचं नाव कळव. त्याला पाहून घेतो.

आता चार कामं कर. प्लग काढून रंग बघ. विटकरी असला तर ठीक. पांढरा पडला तर पेट्रोल कमी पडतंय, काळा कुळकुळीत असला तर जास्त होतंय. मग चढावर चोक ओढून बघ, बरं वाटतं का आणखी बिघडतं. तिसरं, चालू गाडीत पेट्रोलचा कॉक बंद कर आणि कान देऊन ऐक. काय ऐकू येतं ते जसंच्या तसं लिही.

शेवटी कार्बोरेटरची खालची वाटी उघड. मधोमध हरभऱ्याएवढा पितळी तुकडा दिसंल, त्याला केसाएवढं भोक. तोच मेन जेट. त्याच्यावरचा नंबर वाच अन् काढून मला पाठव. तुला जमंल. न जमायला काय झालं, माझी पुतणी आहेस.

कडुबाला म्हणावं, गाडी विकायची भाषा करायच्या आधी मला विचार. काकावरचा राग खुशाल ठेव, विश्वास मात्र काढून घेऊ नको.
तुझा काका, पुंडलिक


पिशोर, २७ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि.

प्लग काजळीनं भरलाय, बोट लावलं तर बोट काळं. चोक ओढला की गाडी जागेवर मरते. कॉक बंद केल्यावरचा प्रकार मात्र मला समजला नाही. आधी भक् भक् भक्, मागे काळा धूर. कॉक बंद केला, तर मिनिटभरानं एकदम आवाज मोकळा झाला. ओल्या लाकडाची चूल अचानक पेटावी तशी गाडी ताणून निघाली, शंभर पावलं गेली आणि पेट्रोल संपून बंद पडली. म्हणजे पेट्रोल जास्तच होतंय ना?

जेट काढला. नंबर पंचाहत्तरच आहे. म्हणजे तुमचाच. आता बोला! कापसात गुंडाळून सोबत पाठवतेय.

मिस्त्रीचं म्हणाल तर गाडी इथल्या कुणाकडे नेलीच नाही. मी पाचोडला होते तेव्हाही घरीच होती. मी वाटी उघडत होते तेव्हा बाबा ओट्यावर बसून बघत होते. मदत करा म्हटलं नाही, कारण त्यांना यातलं काय कळणार. तर उठून आत निघून गेले.

उत्तर लवकर द्या. जेट नाही तोवर गाडी दारात आणि टपाल पायी.
मेघा


छत्रपती संभाजीनगर, २ डिसेंबर २०२४

कडुबा,
जयभीम. आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं जयभीम. हे पाकीट तुझी लेकच तुझ्या हातात देईल. चांगलं चिकटवलंय. तिला मी अजून एक अक्षर कळवलेलं नाही.

जेट मिळाला. नंबर पंचाहत्तर. पण मी कोरा बसवला होता, याच्या पेचकसाच्या खाचेचा एक कान तुटलाय. उजेडात धरून पाहिला तर भोक गोल नाही, लांबट झालंय, म्हणून पेट्रोल जास्त जातंय. स्टोव्हची पिन घातल्यावर होतं तसं. सत्त्याण्णव साली लिंबाखाली आपलं गॅरेज होतं, तेव्हा शाळेतल्या एका मास्तरांच्या गाडीचा जेट तू आईच्या स्टोव्हची पिन घालून साफ केलास, अन् खाचेचा कान पण तेव्हाच तोडलास. मला वाटलं होतं तो जेट तेव्हाच नाल्यात गेला. अरे, सत्तावीस वर्षं सांभाळलास! अन् घातलास कुठं, तर पोटच्या पोरीच्या गाडीत?

चढावर गाडी मेली अन् उलटी मागं आली असती तर? मागून उसाचा ट्रॅक्टर असता तर? पारावरची माणसं तिला हसत होती तेव्हा तू कुठं होतास? अन् वर तिला म्हणतोस चाकरी सोड. चोर परवडला, तो निदान आपलं घर सोडून चोरी करतो.

का केलंस ते लिही. फोन करू नको, तुझा आवाज ऐकायची आज माझी तयारी नाही.
पुंडलिक


पिशोर, ६ डिसेंबर २०२४

ती. दादांस,
कडुबाचा जयभीम. आज अभिवादनाला सगळं गाव बुद्धविहारात गेलं, मी एकटा घरी बसून लिहितोय. व्हय, मीच केलं. नाय म्हणत नाय.

तुमाला पिन आठवली. कानफटात आठवली का? मास्तरासमोर, चार गिऱ्हाइकासमोर मारली. म्हणले, तुझ्या हाताला अक्कल नाय, जा गावाकडं. मी आलो. त्याच्या आधी दोन वर्षं तुमच्या बरोबरीनं हात काळे केले, ते बायकोला, पोरीला ठाऊक नाय. तुमी सांगितलं नाय, मी बी नाय.

पोरगी रोज दारात गाडी चालू करती अन् म्हणती, काकांचा हात लागलाय. रोज. मला वाटलं, गाडी जराशी बिघडावी. ती माझ्याकडं येईल, बाबा बघा म्हणंल. मी घडीभरात जेट बदलून देईन. तुमचा कोरा जेट डबीत जपून ठेवलाय. पण ती आलीच नाय. म्हणली, काकांनाच लिहिते. मग माझं डोकं फिरलं, म्हणलं विकूनच टाक.

ती वर ढकलत गेली त्या दिवशी मी अर्ध्या वाटेपर्यंत मागं गेलतो. पुढं पाय उचलला नाय. मारायचं असंल तर या अन् मारा.
कडुबा


छत्रपती संभाजीनगर, १० डिसेंबर २०२४

चि. कडुबास,
आशीर्वाद.

माझा राग गेलेला नाही, हे पहिल्या ओळीतच सांगतो. पोरीला चढावर सोडायचं कारण म्हणून तुझं पत्र मला चालत नाही. पण ती चापट मी मारली होती, अन् ती पिनेपेक्षा मोठी चूक होती. जेट दुसरा मिळतो. हे मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. मिस्त्री म्हणून मी हुशार आहे, बाकी ठिकाणी जरा उशिराच ऐकू येतं.

डबीतला कोरा जेट काढ अन् तूच बसव. तिच्यासमोर. तू काय केलंस ते तिला तूच सांगायचं. मी सांगणार नाही, अन् तिनं विचारलं तर लपवणार पण नाही. जुना जेट माझ्याकडंच राहील. तो परत मागू नको.

स्टोव्हची पिन घरात असली तर नदीत टाक. दादावर रुसलास तरी दादाला टाकू नको.
पुंडलिक


पिशोर, १७ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि.

बाबांनी सांगितलं. ओट्यावर उभं राहून, मान खाली घालून, एका दमात सांगितलं. मी तीन दिवस त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. आई मध्ये पडली, तिच्यावरही मी ओरडले. मी ढकलत होते तेव्हा ते मागे अर्ध्या वाटेत उभे होते, हे ऐकून तर जास्तच संताप आला. अर्ध्या वाटेत उभं राहायचं तर यायचंच कशाला!

चौथ्या दिवशी पाना त्यांच्या हातात दिला. काका, त्यांचे हात किती पटपट चालतात हो. वाटी उघडली, जेट बसवला, गाडी चालू केली आणि डोळे मिटून बसले. स्क्रू पाव पाव आटा फिरवत होते आणि ऐकत होते, अगदी तुमच्यासारखं डोकं एका बाजूला कलवून. मला ठाऊकच नव्हतं. दोघांनीही मला का सांगितलं नाही, याचा जाब तुम्हालाही द्यावा लागेल.

आज तिसऱ्या गियरवर वरची वस्ती गाठली. पारासमोर मुद्दाम हॉर्न वाजवला.

बाबांना माफ केलेलं नाही. पण दर रविवारी प्लग साफ करायचं काम त्यांना लावलंय. त्यांचा तुम्हाला निरोप आहे, की दीड आटा हा शहरातला हिशेब झाला, आमच्या डोंगराला पावणेदोन लागतो, दादांना म्हणावं चुकलात.

माया आटू देऊ नका. जाब मात्र तयार ठेवा.
मेघा


छत्रपती संभाजीनगर, २४ डिसेंबर २०२४

चि. मेघास,
आशीर्वाद अन् जयभीम.

पावणेदोन वाचून अंगाचा तिळपापड झाला, म्हणूनच परवा न कळवता आलो. तुझ्या बापाशी दारातच भांडलो, ते तू ऐकलंसच. तीस वर्षं मी काय झक मारली का, असंही म्हणालो.

तो चहाला दूध आणायला गावात गेला अन् तू भाजी आणायला गेलीस, तेव्हा स्क्रू दीडवर आणून गाडी वरच्या वळणापर्यंत नेली. ऐकली. परत आणून पावणेदोनवर ठेवली.

त्याला सांगू नको.
काका