दहा ते अकरा

३ मार्च, सोमवार

आलं एकदाचं! दोन माणसांनी उचललं तरी दुसऱ्या मजल्यापर्यंत येताना दोनदा टेकवावं लागलं. वजन एकोणतीस किलो. ओट्यावर मावेना. मिक्सर कपाटात टाकला, डबे खिडकीकडे सरकवले, तेव्हा कुठे बसलं. चकचकीत स्टील, दाबाचे दोन काटे, वाफेची नळी. काय फिनिशिंग आहे! बोट फिरवलं तर कुठे कंगोरा नाही.

ही अकराला परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. "हे काय?"

म्हटलं, "तुझं कॉफीचं दुकान. घरपोच!"

हसली. म्हणजे हसली असं मला वाटलं. मग म्हणाली, "माझा मिक्सर कुठाय?"

४ मार्च, मंगळवार

किंमत लेकीला सांगितलेली नाही. हिला अर्धी सांगितली. पाच महिन्यांचं पेन्शन – एवढंच लिहितो. रोज बाहेर एक कप पिण्यापेक्षा तीन वर्षांत मशीन फुकट पडतं, असं काल हिला समजावलं.

पण वहीशी कशाला खोटं बोलू? कारण ते नाहीच.

जानेवारीपासून ही रोज सकाळी दहाला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जाते. अकराला येते. आधी वाटलं, आठवड्याची हौस असेल. पण नाही – एक दिवस खाडा नाही. दहाला दार लागतं आणि घर अंगावर येतं. मी पेपर तिसऱ्यांदा वाचतो. घड्याळाकडे बघतो – दहा वाजून नऊ मिनिटं!

चौतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीला होतो. सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी सहाला घरी. नोव्हेंबरात निवृत्त झालो तेव्हा मनात एकच होतं. सकाळी दोघांनी समोरासमोर निवांत बसायचं. आणि बसायची वेळ आली तर ही पर्स घेऊन बाहेर!

आता कॉफीच घरात आली. आता जाईल कशाला?

५ मार्च, बुधवार

पहिले अकरा कप सिंकमध्ये ओतले. बिया जाडसर दळल्या तर पाणी भसकन खाली येतं, कॉफी आंबट. बारीक दळल्या तर थेंब थेंब, आणि कडूजहर. मधली जागा केसाएवढी आहे. पण केसाएवढ्या जागेत तर आयुष्य गेलं माझं! अठरा ग्रॅम पूड, अठ्ठावीस सेकंद. बाराव्या कपाला वर सोनेरी फेस आला. एकटाच टाळी वाजवून बसलो.

७ मार्च, शुक्रवार

साडेनऊला हिच्यासमोर कप ठेवला. खाली बशी, बशीत चमचा. प्यायली.

"छान झालीये."

जीव भांड्यात पडला! मी माझा कप घेऊन समोर बसलो. बोलायला विषय शोधत होतो, तेवढ्यात दहा वाजले. हिने दोन्ही कप विसळले आणि पर्स घेतली.

"अगं, आता कशाला?"

"जरा जाऊन येते."

९ मार्च, रविवार

आमच्या कारखान्यातले जुने स्टोअरकीपर मशीन बघायला आले. मशीनभोवती फेरी मारली, मागून वाकून बघितलं. "एवढ्या पैशात दुचाकी आली असती हो."

म्हटलं, "दुचाकी घेऊन जायचं कुठे?"

"तेही खरंच." दोन कप प्यायले. जाताना म्हणाले, "वहिनी मजेत आहेत, बसल्या जागी कॉफी!" ही आतून म्हणाली, "हो ना." आवाज कसा होता ते मला अजून सांगता येत नाहीये.

१३ मार्च, गुरुवार

बिया बदलल्या. पाणी बदललं. कप आधी गरम करून घेतो. आज दुधाचा फेस मलमलीसारखा आला. तरी ही म्हणते "छान."

रोज छान! पहिल्या दिवशीची कॉफी आणि आजची, दोन्ही छान? तपासणीत 'छान' नावाचं माप नसतं. माल पास तरी असतो नाहीतर नापास तरी. काहीतरी कमी पडतंय आणि ही सांगत नाही.

दहाला गेली. अकराला आली.

१६ मार्च, रविवार

लेकीचा फोन. मशीनचा फोटो पाठवला होता, तर कौतुक नाही. म्हणाली, "बाबा, घ्यायच्या आधी आईला विचारलं होतंत का?"

"अगं, तिच्यासाठीच घेतलंय. विचारलं असतं तर नको म्हणाली असती."

"मग?"

"मग काय?"

"काही नाही."

आई काही बोलली का, म्हणून खोदून विचारलं. "ते तुम्ही आईलाच विचारा." म्हणजे बोललीये. मायलेकींमध्ये माझ्याबद्दल काहीतरी ठरलंय आणि मला पत्ता नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठवेना.

२१ मार्च, शुक्रवार

हिचा तास मला खायला उठतो म्हणून काल कामाला लागलो. सगळे डबे उतरवले, पुसले, उंचीप्रमाणे लावले. प्रत्येकावर चिठ्ठी – आत काय, कधी भरलं. गॅसची ज्योत किती ठेवली तर किती वाचतो तेही मोजून ठेवलं. ही आल्यावर सगळं दाखवलं. डब्यांकडे बघत उभी राहिली. "मीठ कुठाय?"

"चिठ्ठी वाच ना!"

वाचली नाही. स्वयंपाक करताना मी दोनदा आत गेलो, काही सापडत नसेल तर सांगावं म्हणून. दुसऱ्यांदा म्हणाली, "अहो, बसा ना बाहेर." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आज मुद्दाम दहाला पाच कमी असताना दूध गरम करायला घेतलं, थांबेल म्हणून. थांबली. चपला घालून, खांद्याला पर्स, उभ्या उभ्या प्यायली! स्टेशनवर पितात तशी. माझ्या हातची, माझ्या घरात!

२५ मार्च, मंगळवार

करू नये ते केलं. हिच्या मागे गेलो.

समोरच्या औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. काचेतून सगळं दिसत होतं. म्हटलं, कोणी मैत्रीण असेल. कोणी – काहीही मनात आलं, इथे लिहीत नाही.

कोणी नव्हतं.

भिंतीकडेच्या टेबलावर ही एकटी. समोर चहा. चहा! कॉफीसुद्धा नाही. तोही अर्धा टाकला. फोन बाहेर काढला नाही. पुस्तक नाही. लोखंडी खुर्ची, त्यावर अवघडून बसली होती, मध्येच कंबर दाबत होती. पन्नास मिनिटं! नुसती बसून.

ही माझ्याआधी घरी पोचू नये म्हणून मागच्या गल्लीने पळत आलो. या वयात! दारात धाप लागली होती. हिने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "जिना."

एखादा पुरुष असता तर भांडता तरी आलं असतं. इथे भांडू कोणाशी? खुर्चीशी? मी घरात आहे त्यापेक्षा हिला कोणीच नसलेलं बरं वाटतं. टोचणाऱ्या खुर्चीवर. थंड चहासमोर.

२६ मार्च, बुधवार

मशीन लावलं नाही. हिने विचारलंही नाही.

२९ मार्च, शनिवार

माझ्यात नेमकी खोट कुठे ते शोधतोय. जेवताना माझा आवाज होतो का? तेच तेच सांगतो का? कधी हात उचलला नाही. आवाज चढवला नाही. पगार पूर्ण हातात दिला. लेकीच्या शिक्षणात काही कमी पडू दिलं नाही. मग?

आज दुपारी ही झोपली होती तेव्हा बघत बसलो. बत्तीस वर्षं झाली लग्नाला. या बाईला दिवसा झोपलेली मी फक्त रविवारी बघितलेली. तिचा सोमवार कसा असायचा, मंगळवार कसा असायचा – काहीच माहीत नाही. मी एका माणसाबरोबर संध्याकाळी सहानंतरचाच संसार केला.

कारखान्यात नापास मालावर लाल ठिपका द्यायचो. तो माल निदान वितळवून पुन्हा वापरतात. साठीच्या माणसाचं काय करतात?

२ एप्रिल, बुधवार

मशीन विकायची जाहिरात टाकली. हिला सांगितलं. "बघा बाई, तुमचं तुम्ही," म्हणाली. मला 'बाई' म्हणाली हे तिच्या लक्षातही आलं नाही. एरवी हसलो असतो दोघं.

६ एप्रिल, रविवार

एक नवराबायको बघायला आले. पोरसवदा. ती नर्स, तो शाळेत शिकवतो. दोघांच्या वेळा जुळत नाहीत, सकाळचा अर्धा तास तेवढा एकत्र मिळतो, म्हणून हवंय म्हणाले. मी करून दाखवली. अठ्ठावीस सेकंद, एक थेंब इकडचा तिकडे नाही. ती पोरगी एक घोट घेऊन नवऱ्याकडे बघून इतकी हसली की मी वाफेची नळी पुसायला वळलो.

मग त्याने विचारलं, "काका, खरं सांगा. एवढे पैसे घालण्यासारखं आहे?"

सांगायला लागलो. दाब कसा स्थिर राहतो, रबर कधी बदलायचं, दर आठवड्याला आतून कसं धुवायचं. ही दारात उभी होती. तो म्हणाला, "मग एवढं चांगलं आहे तर विकताय का?"

"मशीनमध्ये काही खोट नाही," मी म्हणालो. आणि पुढचं वाक्य येईना. खोकल्याचं सोंग करावं लागलं. परक्या पोरांसमोर! हिने पाणी आणून दिलं. ग्लास माझ्या हातात देताना लगेच सोडला नाही.

निम्म्या किमतीत दिलं. घासाघीस केली नाही.

७ एप्रिल, सोमवार

नेलं. ओटा मोकळा. दहाला ही गेली. मी ओट्याला टेकून उभा राहिलो, अकरापर्यंत. दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

शेवटी विचारलं. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी.

"तुला माझ्याबरोबर राहणं नको झालंय का?"

हिने बोटाने ताटात रेघा ओढल्या. नाही म्हणाली नाही! मी 'नाही'ची वाट बघत होतो. एक शब्द, अर्ध्या सेकंदाचं काम. म्हणाली, "मला नीट सांगता यायला हवं. दोन दिवस द्या."

मागच्या वर्षी डॉक्टरांचा रिपोर्ट यायचा होता तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो.

११ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं तिने.

"मला ती कॉफी नको होती. ते दुकानही नकोय. तिथल्या खुर्च्यांनी कंबर धरते माझी." "तुम्ही सातला जायचात, सहाला यायचात. मधलं घर माझं होतं हो. बत्तीस वर्षं. मी काय करायचे ते कोणी बघायचं नाही. आता पाणी प्यायला उठले तरी तुम्ही विचारता, काय हवंय. डबा उघडला तरी विचारता. तुम्ही वाईट नाही. पण तुम्ही आलात ते गेलाच नाहीत!"

म्हटलं, "गेलो कुठे असतो? माझंही घर आहे."

"तेच तर. म्हणून मी जात होते."

रडत होती. मला राग यायला हवा होता, तोही धड आला नाही. विचारलं, मग करायचं काय?

"दहा ते अकरा तुम्ही बाहेर जा. मला माझं घर द्या. रिकामं. एवढंच."

एवढंच! आयुष्यभर राबून उभं केलेल्या घरातून रोजची तासाभराची हकालपट्टी. बायकोने मागितलेली, तीही हात जोडून. हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? रात्रीचं जेवण गेलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

दहाला वही घेऊन निघालो. खाली आल्यावर लक्षात आलं, चष्मा राहिला. परत जिना चढलो, बेलपर्यंत बोट नेलं.

आत ही गात होती.

मोठ्याने. बेसूर. मध्येच शब्द विसरत होती आणि स्वतःशीच हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. बत्तीस वर्षांत मला माहीत नव्हतं, ही गाते.

बेल वाजवली नाही. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसून लिहितोय, चष्म्याशिवाय. ओळी वाकड्या जात असतील. अजून चाळीस मिनिटं आहेत. इथपर्यंत ऐकू येतंय.