नवव्या ग्रीनचं पाणी

सातारा, ४ मार्च २०२५

ती. आबांस, ऋषिराजचा सा. न. वि. वि.

मोबाईलवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. आई विचारते, गोल्फ मैदानावर असिस्टंट सुपरिंटेंडेंट करतो तरी काय? आवं, साहेबांनी सांगायचं, माणसांकडून मी करून घ्यायचं, आणि बिघडलं की मधल्या मधे मी सापडायचं!

आता सापडलोय. साहेब रजेवर, मैदान माझ्या हवाली. चेंडू खड्ड्यात पाडतात तिथली हिरवळ म्हणजे ग्रीन. ती तीन मिलिमीटरवर कापतात. पाणी मोजून, तेही पहाटेच. तुम्ही शब्द टाकलात म्हणून बिरदेवला कामावर घेतला. शनिवारी भर दुपारी लाईट आली आणि गड्यानं नवव्या ग्रीनवर पाणी सोडलं ते लाईट जाईपर्यंत. उसाला सोडतात तसं! मी गेटवर खताची गाडी उतरवत होतो.

आज हिरवळ कुजून बुळबुळीत झालीय. स्पर्धा पंधरा तारखेला. साहेब सोमवारी येऊन नाव मागणार. त्याचं सांगितलं तर तो घरी, माझं सांगितलं तर मी. काय करू?

तुमचा ऋषिराज

आष्टा, ८ मार्च

चि. ऋषिराजास आबाचा आशीर्वाद.

बोटभर न्हाई त्या गवतापायी एवढा घोर, असं लिवणार हुतो. पण लेका, चूक माझी हाय. शिवरात्रीला बिरदेव आला हुता. कानाशी वरडून म्हणला, गवत लय मलूल दिसतंय. मीच म्हणालो, लाईट आली की सोड पाणी, वाट बघत बसू नगंस. आलेली लाईट वाया घालवणारा शेतकरी मी तरी बघितला न्हाई.

माझं नाव सांग सायबाला. पण मला तिथं कोण वळखतंय? बिरदेवाची लेक बाळंतपणाला आलीया, त्याचं नाव सांगू नगंस. तुझं सांग, असं बापानं कसं लिवावं? मला कायबी सुचंना. जिवाला जप.

नाथाजी

सातारा, १२ मार्च

ती. आबांस नमस्कार.

पत्र आज मिळालं. सोमवारीच मी बिरदेवचं नाव सांगून बसलो. साहेबांनी त्याला खोदून खोदून विचारलं, पाणी सोडायला कुणी सांगितलं? तो एकच म्हणत राहिला, कुणी न्हाई, माझ्याच मनानं सोडलं. का, ते आज कळलं.

पत्र वाचून तसाच साहेबांकडं धावलो, सगळं खरं सांगितलं. उपयोग झाला नाही. त्यांनी नवा माणूस ठेवलाय. वर सोमवारी नाव सांगितलं म्हणून माझी पाठ थोपटली. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बिरदेव कालच एसटीनं गेला. जाताना म्हणाला, आबांच्या पाया पडूनच घरी जातो. हे पत्र पोचेपर्यंत तो येऊन गेला असेल. तो वाकल्यावर तुम्ही काय केलंत, ते मला कळवू नका.

लोभ ठेवा म्हणायला तोंड उरलं नाही.

ऋषिराज